बेळगावची गाडी लोंढ्याला का वळते?

खानापूर तालुक्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने विचारलेला प्रश्न असा: "बेळगाव ते धारवाड रस्त्याने पंचाहत्तर किलोमीटर. रेल्वे मात्र आधी जंगलात लोंढ्याला जाते आणि तिथून वळून धारवाडला येते, सगळे मिळून एकशेवीसच्या आसपास. असली लाईन कुणी आखली? आणि आता कित्तूरवरून सरळ लाईन होणार म्हणतात, मग आमच्या खानापूरचं काय?"

माझी नोकरी हुबळी विभागात ऑपरेटिंग खात्यात झाली. हा प्रश्न मला प्लॅटफॉर्मवर अनेकांनी विचारला आहे, पण गाडी सुटायच्या घाईत पूर्ण उत्तर कधी देता आलं नाही. ते आता देतो.

बेळगाव आणि धारवाड एकमेकांना जोडावेत असा विचार करून ती लाईन टाकलीच नव्हती. टाकणाऱ्यांचं लक्ष गोव्यातल्या मुरगाव बंदरावर होतं. घाटावरचा कापूस आणि धान्य समुद्रापर्यंत नेणारी मुख्य लाईन बळ्ळारी, गदग, हुबळी, धारवाड, अळणावर, लोंढा, कॅसलरॉक आणि खाली मुरगाव अशी आखली गेली. बेळगावची लाईन त्या मुख्य लाईनला लोंढ्याला येऊन मिळते, म्हणजे तीही बंदराकडेच तोंड करून आहे. नकाशावर बोट ठेवून बेळगावहून मुरगावला जाऊन बघा, वळसा कुठेच दिसणार नाही. धारवाडचं तिकीट काढणाऱ्यालाच तो लागतो.

या सगळ्यामागे दुष्काळ आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन आणि कर्नाटकाच्या या पट्ट्यात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. धान्य दुसरीकडे होतं, पण बैलगाडीने ते वेळेत पोचत नव्हतं, आणि चारा नसल्याने बैलच उरले नव्हते. त्यानंतर दुष्काळी भागात रेल्वे नेण्याचा सरकारी विचार पक्का झाला आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली. दक्षिण मराठा मुलूख म्हणजे आपलाच भाग: बेळगाव, धारवाड, विजापूर, शिवाय कोल्हापूर, सांगली, मिरज ही संस्थानं. १८८४ पर्यंत होटगी–विजापूर–गदग बाजू चालू झाली, हुबळीला वर्कशॉप आलं, आणि १८८७ साली लोंढ्याकडून बेळगावला रूळ पोचले. बेळगावहून गोकाक रोड, घटप्रभा, रायबाग, कुडची, मिरज करत १८९० च्या सुमारास तीच लाईन पुण्याला भिडली. कोल्हापूर दरबारने स्वतःच्या पैशाने मिरज–कोल्हापूर फाटा बांधला, तो १८९१ मध्ये सुरू झाला. म्हणजे दहा वर्षांच्या आत सगळा सांगाडा उभा राहिला. आज आपण ज्या रुळांवरून जातो त्यांची जागा बहुतांश तेव्हाचीच आहे.

पलीकडची बाजू पोर्तुगीजांची. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि मुरगाव ते कॅसलरॉक ही लाईन वेगळ्या कंपनीने, पण मुख्यतः इंग्रजी भांडवलावर बांधली. १८८८ मध्ये ती पूर्ण झाली. कॅसलरॉक ते कुळे हा घाट सुमारे सव्वीस किलोमीटरचा, आणि चढ सदतीसला एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. रस्त्यावरच्या गाडीला हे काहीच नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं, आणि पावसाळ्यात दूधसागरच्या तुषारांनी रूळ ओले असले की ते घसरतं. म्हणून तिथे मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात आणि उतारावर ब्रेक न लागलेली गाडी अडवायला कॅच सायडिंग, म्हणजे बाजूला काढलेले रूळ, ठेवलेले आहेत. गाडी तिथे मर्जीने जात नाही, काट्यांची, म्हणजे रूळ बदलणाऱ्या सांध्यांची, ठेवणच तिला तिकडे घेऊन जाते. एवढ्या अवघड घाटासाठी कुणी पैसा ओतला, यावरूनच बंदराचं मोल कळतं.

त्या बंदराने दुसऱ्या एका बंदराचा मात्र घास घेतला. रेल्वेआधी बेळगावचा समुद्र म्हणजे वेंगुर्ला. बेळगावच्या लष्करी छावणीचं सामान तिथे उतरायचं आणि आंबोलीच्या घाटाने बैलगाड्यांतून वर यायचं, इकडचा माल त्याच वाटेने खाली जायचा. मुरगावची लाईन सुरू झाल्यावर वेंगुर्ल्याचा तो व्यापार आटत गेला. सावंतवाडी–बेळगाव रेल्वेची मागणी आजही अधूनमधून निघते, तिच्या मुळाशी ही जुनी वाट आहे.

आता गेजकडे, म्हणजे दोन रुळांमधल्या रुंदीकडे येतो. लोक लोंढ्याच्या वळशाला नावं ठेवतात, पण माझ्या मते बेळगावचं खरं नुकसान गेजने केलं.

सदर्न मराठा कंपनीने सगळी लाईन मीटरगेज टाकली, दोन रुळांत एक मीटर अंतर. मुंबई–पुणे लाईन आधीपासूनच ब्रॉडगेज होती, १६७६ मिलिमीटर. मीटरगेज स्वस्त पडतं, वळणं जास्त घेतं, पूल हलके चालतात. दुष्काळी मुलखात लवकर आणि कमी पैशात रूळ पोचवायचे तर तेव्हाचा तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. अडचण सांध्याची. एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर जात नाही, त्यामुळे सांध्याच्या स्टेशनावर सगळा माल एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावा लागतो. एक प्लॅटफॉर्म मीटरगेजचा, समोरचा ब्रॉडगेजचा, आणि मधे हमालांच्या पाठी. गुळाच्या ढेपा फुटतात, सिमेंट ओलं होतं, काचसामानाचं काय होत असेल ते सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे वेळ. ब्रॉडगेजचे डबे आले आणि मीटरगेजचे रिकामे डबे नाहीत, असं झालं की माल शेडमध्ये पडून राहतो आणि व्यापारी रोज चकरा मारतो.

१९७१ पर्यंत हा सांधा पुण्याला होता. त्या वर्षी पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज पूर्ण झालं आणि सांधा मिरजेला सरकला. मिरजेला त्याआधीच १९२७ पासून पंढरपूरकडून येणारी बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नॅरोगेज होती, रुंदी ७६२ मिलिमीटर. त्यामुळे मिरजेच्या यार्डात तिन्ही रुंदीचे रूळ शेजारीशेजारी दिसायचे. रेल्वेची आवड असलेले लोक लांबून ते बघायला यायचे. यार्डात काम करणाऱ्यांना त्या दृश्याचं कौतुक कमी होतं.

सांधा मिरजेला आल्याचा अर्थ नीट समजून घ्या. कोल्हापूर आणि सांगलीचा माल आता डबा न बदलता मुंबईला जाऊ लागला. मिरजेच्या अलीकडे उगार, रायबाग, घटप्रभा, बेळगाव, खानापूर हे सगळे मीटरगेजवरच राहिले, आणि ते थेट नव्वदच्या दशकात सगळ्या लाईनी ब्रॉडगेज करणारा युनिगेज प्रकल्प येईपर्यंत. ही वीसेक वर्षं नेमकी कुठली? बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या वाढत होत्या, त्यांना पिग आयर्न आणि कोक लागत होता. उगारला साखर कारखाना १९३९ पासून होता आणि पुढे आसपास आणखी निघाले. पुणे–बंगळूर हमरस्ता सुधारत होता. मिरजेत माल बदलायला दिवस लागणार आणि ट्रक दारात उभा, म्हटल्यावर कारखानदाराने काय करावं? माल रस्त्याने गेला. गेज बदललं तेव्हा गिऱ्हाईक निघून गेलं होतं, आणि बेळगावचा फुटकळ माल परत रेल्वेकडे आलाच नाही. हल्ली मालगाडी म्हणजे पूर्ण रेक, एकाच मालाने भरलेली अख्खी गाडी. कोळसा, खत, सिमेंट, साखर. चार खोकी मुंबईला पाठवायची तर कुणी बेळगाव स्टेशनावर जात नाही.

प्रवाशांनाही तोच त्रास, फक्त सामान स्वतःचं असायचं. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येऊन मिरजेला उतरायचं आणि पलीकडे मीटरगेजची गाडी पकडायची, गोव्याच्या लोकांचीही तीच वाट. मिरज मोठं होण्यात या उतरण्या-चढण्याचा वाटा आहे. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला मिशन हॉस्पिटल काढलं, आणि बेळगावपासून पंढरपूरपर्यंतचे रुग्ण तिथे पोचू शकले ते तिथे जंक्शन होतं म्हणून. गाण्याचंही तसंच. अब्दुल करीम खाँ मिरजेत, सवाई गंधर्व कुंदगोळात, दोन्ही गावं एकाच मीटरगेजवर. नाटक कंपन्या पडदे आणि पेटारे ब्रेकव्हॅनमध्ये टाकून मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी असे मुक्काम करायच्या. मराठी आणि कानडी गाणं एकमेकांत का मिसळलं याची उत्तरं विद्वान देतील, मी वेळापत्रकाकडे बोट दाखवेन.

एक उदाहरण उलटं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात सायकलचं दुकान, मग नांगराचा कारखाना. नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि त्यांना हलावं लागलं. १९१० मध्ये औंधच्या राजांनी त्यांना जागा दिली ती कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर. आजची किर्लोस्करवाडी ती. नांगर जड, तो देशभर जायचा तर दारात स्टेशन हवं, हे त्या माळाच्या बाजूने होतं. बेळगावही त्याच लाईनवर होतं, पण बेळगावने जागा दिली नाही.

लाईन चालायची कशी, हेही थोडं सांगतो, कारण आताच्या पोरांना ते बघायला मिळणार नाही. सगळी एकेरी लाईन. दोन स्टेशनांमधे एका वेळी एकच गाडी, याची खात्री टोकनने. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं तारेने जोडलेली. खानापूरच्या मास्तरने इदलहोंडच्या मास्तरकडून लाईन क्लिअर, म्हणजे पुढची लाईन मोकळी असल्याची परवानगी, घेतल्याशिवाय यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर येत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नाही. तो गोळा कातडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला अडकवायचा. न थांबणाऱ्या गाडीला पॉइंट्समन ते कडं उंच धरून उभा राही आणि खलाशी दंडात अडकवून घेई. पावसाच्या रात्री, गुंजीसारख्या ठिकाणी, हातात मशाल धरून हे काम करणाऱ्या पॉइंट्समनला किती पगार मिळायचा ते विचारू नका. क्रॉसिंग म्हणजे समोरची गाडी येईपर्यंत आपण स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, लूपलाईनवर, उभं राहायचं. समोरची उशिरा, म्हणजे आपण उशिरा, आणि आपल्यामुळे पुढची उशिरा. बेळगाव–मिरज अंतर १३७ किलोमीटर असून पॅसेंजरला इतका वेळ का लागायचा, त्याचं कारण यात आहे.

सीमेचा विषय या भागात टाळता येत नाही. कॅसलरॉक तर १९६१ पर्यंत आंतरराष्ट्रीय सरहद्दीचं स्टेशन होतं, कस्टम तपासणी तिथे व्हायची. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यानंतर भारताने गोव्याशी संबंध तोडले आणि घाटातली वाहतूक थांबली. लोंढ्याची वर्दळ एकदम ओसरली. गोवा मुक्त झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड मुंबई राज्यातच राहिलं. पुढचा वाद, महाजन आयोग, मोर्चे हे सगळ्यांना माहीत आहे. रुळांवर त्याचा थेट परिणाम झाला नाही. पण रेल्वेच्या स्वतःच्या सीमांचा झाला.

सदर्न मराठा १९०८ मध्ये मद्रास रेल्वेत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा झाली. १९५१ ला दक्षिण रेल्वे, १९६६ ला दक्षिण मध्य, आणि १ एप्रिल २००३ पासून हुबळीला मुख्यालय असलेली दक्षिण पश्चिम रेल्वे. मिरज आज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे आणि मिरजेच्या अलीकडची लाईन हुबळी विभागात. ही रेघ प्रवाशाला दिसत नाही, पण वेळापत्रक करणाऱ्याला रोज दिसते. गाडी वाढवायची, पुढे न्यायची, वेळ बदलायची तर दोन झोनांचं, म्हणजे मध्य आणि दक्षिण पश्चिम रेल्वेचं, जुळावं लागतं. एका झोनला जी गाडी सोयीची, ती दुसऱ्याला प्लॅटफॉर्म अडवणारी वाटते. त्यामुळे आपल्या बऱ्याच पॅसेंजर मिरजेला संपतात, आणि रायबागच्या माणसाला कोल्हापूरला जायला मिरजेत गाडी बदलावी लागते. गेजचा सांधा गेला, खात्याचा राहिला. यात कुणाचा दुष्टपणा नाही. प्रत्येक विभाग आपली वक्तशीरपणाची टक्केवारी सांभाळतो आणि सांध्यावरची गाडी ती बिघडवते, एवढंच.

१९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबई–गोवा प्रवास आपल्याकडून सुटला. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. आमच्या वाटेने घाट चढून-उतरून गोव्याला जायला लागणारा वेळ बघता तो सुटणारच होता. निपाणी आणि संकेश्वर यांना मात्र आजवर रेल्वेच नाही. तंबाखूची एवढी मोठी पेठ, पण जवळची स्टेशनं कोल्हापूर किंवा चिकोडी रोड, आणि चिकोडी रोडला उतरून खुद्द चिकोडी गाठायलाही बस लागते. १८८० च्या दशकातल्या आखणीने घटप्रभेच्या काठाने पूर्वेकडची वाट धरली, त्याचा भुर्दंड ही गावं अजून भरतात. कराड–निपाणी–बेळगाव लाईनची मागणी त्यातूनच.

गेल्या दहा वर्षांत मात्र काम झालं, हे मान्य करायला हवं. लोंढा–मिरज दुहेरीकरण २०१५-१६ च्या सुमारास मंजूर झालं. लोंढा–बेळगाव–घटप्रभा टप्पा आणि बेळगावची नवी स्टेशन इमारत यांचं लोकार्पण २७ फेब्रुवारी २०२३ ला झालं. लाईनवर विजेच्या तारा आल्या. सप्टेंबर २०२४ पासून पुणे–हुबळी आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव–बंगळूर वंदे भारत धावते. बेळगावकरांना याची किंमत गेटांवर मोजावी लागली. टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे गेटसारख्या ठिकाणी उड्डाणपुलांच्या कामात वर्षंच्या वर्षं शहर अडकलं. गाड्या वाढल्या की गेट जास्त वेळ बंद राहतं. पूल हवेच होते. एकामागून एक का केले आणि एकदम का नाही, हा प्रश्न रास्त आहे.

घाटात मात्र दुहेरीकरण अडलं. कॅसलरॉक–कुळे टप्प्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, जंगलाच्या कारणाने. माझं मत विचारलंत तर न्यायालयाचं बरोबर आहे. त्या घाटातून वर येणारी मुख्य वाहतूक मुरगावच्या आयात कोळशाची आहे, आणि ती पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांना जाते. खानापूरच्या माणसाच्या पदरात त्यातून धूळ पडते, गाडी पडत नाही.

आता तुमच्या खानापूरकडे. बेळगाव–कित्तूर–धारवाड ही ७३ किलोमीटरची लाईन २०२० मध्ये मंजूर झाली, सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना. ती देसूरच्या बाजूने फुटून के. के. कोप्प, एम. के. हुबळी, कित्तूर, तेगूर करत धारवाडला जाईल. कर्नाटक सरकारने जमीन द्यायची आणि खर्चात वाटा उचलायचा अशी व्यवस्था आहे. अडलं ते जमिनीवर. देसूर, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी इथली जमीन भाताची आणि भाजीची, तुकडे लहान, आणि मधून भराव घातला की शेताचे दोन भाग होतात. शेतकऱ्यांनी माळरानाच्या बाजूने पर्यायी आखणी सुचवली. आखणी सरकवता येते की नाही हे वळणांवर आणि चढावर ठरतं, आणि सपाट मुलखात थोडी लांबी वाढवून ती बहुधा सरकवता येते. १८८७ मध्ये कुणी शेतकऱ्याला विचारलं नव्हतं. आता विचारावं लागतं, आणि उशिराचं खापर फक्त शेतकऱ्यावर फोडणं मला पटत नाही. बागलकोट–कुडची लाईन बघा: १४२ किलोमीटर, २०१०-११ ला मंजूर, आणि अजून पूर्ण व्हायची आहे. जमीन, पैसा आणि दोन सरकारांचं पत्रोत्तर, तिन्ही मिळून उशीर करतात.

नवी लाईन झाली की बेळगाव–हुबळी–बंगळूरच्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या कित्तूरवरून जाणार, यात मला शंका नाही. पन्नासेक किलोमीटर वाचत असतील तर कुठलाही ऑपरेटिंगवाला जुन्या वाटेने गाडी नेणार नाही. खानापूर आणि लोंढ्याकडे उरतील त्या गोव्याच्या गाड्या, घाटातल्या मालगाड्या आणि कॅसलरॉक–मिरज पॅसेंजरसारख्या स्थानिक गाड्या. म्हणजे लाईन ओस पडणार नाही, पण बंगळूरची थेट गाडी जाऊ शकते.

त्यावर उपाय आत्ताच करायचा असतो. नवी लाईन सुरू झाल्यावर "आमची गाडी परत द्या" म्हणून रुळावर बसण्यापेक्षा, दुहेरी लाईनवर जी जागा मोकळी होईल ती आधीच मागा. सकाळी लोंढ्याहून निघून कामाच्या वेळेआधी बेळगावला पोचणारी आणि संध्याकाळी परतणारी मेमू, म्हणजे विजेवरची स्थानिक गाडी, गुंजी, खानापूर, इदलहोंड, देसूर सगळीकडे थांबणारी. आणि लोंढ्याला धारवाड बाजूच्या पॅसेंजरशी तिची जोड, म्हणजे नागरगाळी, अळणावरचे लोक सुटणार नाहीत. निवेदन द्यायचं ते हुबळीला विभागीय कार्यालयात, आणि त्यात भावना कमी, आकडे जास्त: खानापूरहून रोज किती पासधारक, किती विद्यार्थी, कुठल्या वेळेला किती बसगाड्या भरून जातात. बसस्टँडवर आठवडाभर उभं राहून हे आकडे कॉलेजची मुलं गोळा करू शकतात. वेळापत्रकाच्या बैठकीत असं निवेदन टेबलावर असलं की त्याचा विचार करावाच लागतो, आणि तो किती गंभीरपणे करतात ते मी त्या टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलं आहे.